पंधरवड्याचा वस्तरा

पिंप्राळा, जळगाव
२० जून १९९१

चि. सुकदेव यास,

अक्काचे आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवणार नाहीस. चौदा महिने झाले, तुझ्या हातचं एक कार्ड नाही. लहानपणी शाई सांडलीस की दौत घेऊन कोठीमागे लपायचास, तसा बसला आहेस. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि हट्टात मला अजून कुणी हरवलेलं नाही. तरी मीच आधी लिहिते आहे. याला माघार समजू नकोस, माझं काम आहे.

आधी इकडची हकिकत. शाळा उघडली. मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे माझ्या, खुर्चीचा एक पाय याही वर्षी आखूडच, खाली पाटीचा तुकडा सारून बसते. ऊन अजून उतरलेलं नाही, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. माझ्या गिरधरला पाइपच्या कारखान्यात दुसरी पाळी आहे. तो घरात बोलत नाही. ताटाकडे बघून जेवतो, उठतो, हात धुतो. बायको चौदा महिने माहेरी असलेल्या माणसाने कसं जेवावं ते मला माहीत नाही, पण असं जेवलेलं मला बघवत नाही. त्याची हेमी चौथीत गेली. पाढे तोंडपाठ आहेत, अक्षर मात्र आजोबांचं घेतलंय, कोंबडी चालून गेल्यासारखं.

गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला तुझी इंदिरा धाकट्या जयूला घेऊन तुमच्याकडे आली, ते रीतीप्रमाणेच. हेमीला कांजण्या निघाल्या होत्या म्हणून ती माझ्याजवळ राहिली. आखाजीला माहेरी गेलेली लेक पंधरा दिवसांत सासरी परतते. तुम्ही ठेवून घेतलीत. अमळनेरच्या त्या हळदीत मी काही बोलले असेन. बायकांच्या घोळक्यात बोलणं इकडचं तिकडे होतं आणि राईचा पर्वत होतो. ते मला आज उगाळायचं नाही.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात हेमीचा घसा धरला म्हणून तिला डॉ. नेहेते बाईंकडे नेलं. या लहान मुलांच्या डॉक्टर, तिशीतल्या, मुंबईला शिकून नुकताच इथे दवाखाना टाकलाय. घसा बघून झाला, बाई चिठ्ठी लिहायला लागल्या, तर आपल्या हेमाबाईंनी कंपासपेटीतून एक फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, हा माझा भाऊ. तुम्ही शिंदखेड्याच्या स्टुडिओत काढलेला जयूचा रंगीत फोटो. दिवाळीत गिरधर घेऊन आला असणार. बापलेकींनी तो मला दाखवलाच नव्हता. त्यात पोराचे केस चांगले वाढलेले आहेत.

बाईंनी लिहिणं थांबवलं. फोटो खिडकीशी नेऊन बघितला. मग मला विचारायला लागल्या, केस खरोखर असेच राखाडी-चंदेरी आहेत की फोटोचा उजेड आहे? उन्हात डोळे मिटतो का? बुबुळं थरथरतात का? सारखी गळवं होतात का, कान फुटतो का, महिन्याला ताप येतो का? जरा लागलं की कातडी निळी पडते का? प्रत्येक प्रश्नाला मला हो म्हणावं लागलं. त्या म्हणाल्या, इतकं असताना याला आजवर कुणा डॉक्टरने बघितलं नाही? बघितलं की. तिघांनी बघितलं, इंजेक्शनं दिली. पण तेव्हा डोक्यावर केस नव्हते. उन्हाळ्यात डोक्यात गळवं होतात म्हणून मी दर पंधरा दिवसांनी धनसिंग न्हाव्याला घरी बोलावून वस्तरा फिरवून घ्यायची. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

बाई म्हणतात, हे कोड नाही. हजारो काय, लाखो मुलांत एखाद्याला होणारा जन्माचा रोग असावा. त्यात कातडीचा आणि केसांचा रंग बिघडतोच, पण शरीराची रोगाशी लढायची ताकदही बिघडते, दोन्ही एकाच मुळाने. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघितला की कळेल. मूल आणा आणि वेळ घालवू नका, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. आणखीही एकदोन गोष्टी विचारल्या, त्या तुझ्या कामाच्या नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या सुरत पॅसेंजरने जयूला घेऊन ये. इंदिरेला पाठव, नाहीतर तू स्वतः ये. स्टेशनवर गिरधर येईल. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, मी स्वयंपाकघरात बसेन. पोराला टोपी घाला, उन्हाचा त्रास होतो त्याला.

तुझी,
अक्का


पिंप्राळा, जळगाव
९ जुलै १९९१

चि. सुकदेव यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी, त्यातल्या दोन पत्त्याच्या असाव्यात इतक्या कोरड्या. जयूला धुळ्याला दाखवलं, कोड म्हणाले, मलम दिलं, आता तुमच्या डॉक्टरीणबाईंची गरज नाही. आणि खाली तुझ्या बायकोचा, पुष्पाचा, निरोप तिच्याच शब्दांत उतरवलास: "खोट आम्हनामा शे ना? मंग पोऱ्या बी आम्हनाजोडेच ऱ्हाऊ द्या."

मी रागावले नाही. हे लिहून ठेव, कारण असं वारंवार होत नाही. मी कार्ड तीनदा वाचलं आणि मला कळलं की माझं तोंड बंद राहिलं तर पोरगं जाईल. मलम लावून जाईल. म्हणून आता जे लिहिते ते नीट बसून वाच, चष्मा लावून.

नेहेते बाईंनी मला आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, मुलाचे आईबाप नात्यातले आहेत का? मी ताठ मानेने सांगितलं, होय, गिरधरला मामाची मुलगी केली आहे. माझंही लग्न आतेभावाशीच झालं, आमच्यात घरातली मुलगी घरातच देतात. दुसरं विचारलं, घरात पूर्वी असं मूल झालं होतं का? मी म्हणाले, नाही.

मी खोटं बोलले, सुकदेव.

तुला वना आठवतो का? माझा दुसरा. गिरधरच्या पाठचा. तू म्हणशील, आठवतो, विषमज्वराने गेला. सगळ्यांना तेच सांगितलंय. एकसष्ट साली हे चोपड्याच्या वर सातपुड्यात जंगलखात्याच्या नाक्यावर होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाळंतपणाला तिथेच आल्या. वना झाला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि ते घासलेल्या भांड्यासारखे चकाकत होते. आत्यांनी त्याला पुसलं, कंदिलाजवळ धरलं, आणि मला म्हणाल्या, हे कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. सव्वा महिना होताच त्याच्या डोक्यावर वस्तरा फिरला. मग दर पंधरवड्याला. मधल्या दिवसांत टोपडं, भर वैशाखातही. तू एकदा आला होतास नाक्यावर. वीस वर्षांचा होतास, मिशी कोरून आला होतास. तू विचारलंस, एवढ्या उन्हात पोराला टोपडं कशाला? आत्या म्हणाल्या, कानाला वारं लागतं. मी चुलीपुढे होते. मी मान वर केली नाही.

वनाचे केस बाहेरच्या एकाच बाईने बघितले. वरच्या पाड्यावरची गुंताबाई डिंक घेऊन यायची. एक दिवस तिने सरळ टोपडं काढलं, हसली, आणि त्याच्या डोक्याला तेल चोळत बसली. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. त्यानंतर मी सरपणाचं निमित्त काढून वनाला तिच्या पाड्यावर न्यायची. तिथे तो तासभर उघड्या डोक्याने सावलीत खेळायचा. माझ्या लेकराचं खरं रूप मी बघितलं ते तेवढंच, तिच्या अंगणात.

तिसऱ्या वर्षी त्याला ताप आला तो उतरेना. पोट फुगलं, मानेला गाठी आल्या, नाकातून रक्त यायचं. दोन महिने चाललं. त्या दोन महिन्यांत वस्तऱ्याचं कुणाला सुचलं नाही, केस बोटभर वाढले. गेला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी एक बट कापून घेतली आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवली. आत्या म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, उद्या गिरधरला मुलगी कोण देईल? गिरधर तेव्हा पाच वर्षांचा होता. मी गप्प बसले. पुढे पीटीसी केलं, नोकरी धरली, शेकडो पोरींना खरं बोलावं म्हणून सुविचार लिहून दिले. फळ्यावर रोज एक.

तुझं कार्ड आल्यावर दुसऱ्या दिवशी मी करंडा घेऊन नेहेते बाईंकडे गेले. त्यांनी एक केस काचेवर ठेवला, शेजारी हेमीचा एक केस ठेवला, आणि सूक्ष्मदर्शकातून मला बघायला लावलं. हेमीच्या केसात रंग बारीक मिरपुडीसारखा सारखा पसरलेला आहे. दुसऱ्यात तो जागोजागी ढेकळं होऊन बसलाय. बाई म्हणाल्या, असंच रक्तातल्या पांढऱ्या पेशींत होतं, आत गोळे साचतात, मग त्या पेशी जंतूंना मारू शकत नाहीत. रोगाला परदेशी नाव आहे, चेडियाक-हिगाशी. मी ते फळ्यावर लिहून पाठ केलं. मग त्यांनी विचारलं, हे केस कुणाचे? मुलाचं वय काय?

मी म्हणाले, माझ्या मुलाचे. असता तर तीस वर्षांचा असता.

त्यांनी मला पाणी दिलं. रडले वगैरे नाही मी. घरी आल्यावर मात्र भाकरी थापताना हात थांबला आणि बराच वेळ थांबला.

आता हे समजून घे. हा दोष एकाच बाजूने आला तर माणसाला काहीही होत नाही. तो ठणठणीत जगतो, फक्त पुढे देऊ शकतो. दोन्ही बाजूंनी आला तरच मूल आजारी पडतं, आणि आईबाप दोघांत असला तरी चारात एखाद्यालाच तो तसा येतो. आपल्या आजोबा-आजीपैकी कुणाकडून तरी तो आला. आत्यांमध्ये उतरला, त्यांच्या भावात, आपल्या आबांमध्ये उतरला. आत्यांकडून ह्यांच्याकडे, आबांकडून माझ्याकडे, म्हणून वना. आबांकडूनच तुझ्याकडे, तुझ्याकडून इंदिरेकडे, आणि गिरधर तर माझाच, म्हणून जयू. आपण घरातली मुलगी घरात दिली आणि दोष फिरवून फिरवून आपल्याच अंगणात आणला. पुष्पाच्या माहेरचा यात एक थेंबही नाही.

आणि तरी अमळनेरच्या हळदीत, जयूचं टोपडं सरकलं, खालची चंदेरी खुंटं दिसली आणि बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा, मी मोठ्याने म्हणाले की हे आमच्याकडचं नव्हे, पुष्पाच्या माहेरी कोड आहे. बोलणं इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी जसं म्हणाले तसंच पसरलं. त्या एका वाक्याने तुझ्या धाकट्या मालतीची सुपारी मोडली. मागच्या पत्रात मी ते झटकलं. जयू जन्मला तेव्हाच मी त्याचे केस ओळखले होते. ओळखून धनसिंगला बोलावलं. गळवांचं निमित्त होतं. मला ते डोकं बघवत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला बघू द्यायचं नव्हतं. तीन डॉक्टरांपुढे मी त्याला तासलेल्या डोक्याने बसवलं, आणि रोगाची जी एक खूण आंधळ्यालाही दिसली असती ती दर पंधरवड्याला न्हाव्याच्या वाटीत गेली.

आता उपाय. मुंबईला एका मोठ्या इस्पितळात हाडातला मगज बदलतात. सख्ख्या भावंडाचा जुळला तरच, आणि जुळण्याची आशाही चारात एक. आपल्याकडे हेमी आहे. जोखीम मोठी आहे, बाईंनी लपवलं नाही, मीही लपवत नाही. पण तो न उतरणारा ताप एकदा आला की मग काही करता येत नाही. तो ताप मी बघितलाय. जयू तीन वर्षांचा झाला आहे.

हे पत्र पुष्पाला वाचून दाखव. सगळं. मग पोराला घेऊन ये.

तुझी,
अक्का


पिंप्राळा, जळगाव
३ ऑगस्ट १९९१

सौ. पुष्पा हिस,

अनेक आशीर्वाद. तुला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची ती सुकदेवला, आणि खाली 'पुष्पास आशीर्वाद' एवढं खरडायची. आज अहो-जाहो करावं असं मनात आलं होतं, पण तुला ते नाटक वाटलं असतं. तेव्हा आजवर म्हणत आले तसंच अगं म्हणते.

इंदिरा मंगळवारी जयूला घेऊन एकटी इथे आली. ती तुला काही न सांगता निघाली, आणि तुला वाटत असेल की पोरगी सासूपुढे वाकली. तू तिच्यावर रुसली आहेस, जेवत नाहीस, असं सुकदेवच्या चिठ्ठीवरून कळलं. पोरगी वाकलेली नाही. ती आली ती बापाच्या कोटाच्या खिशातलं एक पत्र घेऊन. ते मी नऊ जुलैला लिहिलं होतं आणि तुला वाचून दाखवायला सांगितलं होतं. सुकदेवने ते दाखवलं नाही. मला उलट लिहून कळवलं की अक्का, झालं ते झालं, मालतीचं दुसरं ठिकाण बघतोय, आता कुणाला काही कळायला नको, मुलाला मी गुपचूप आणतो. भाऊ कुणाचा आहे. आमच्या घरात प्रत्येकाला टोपडं घालता येतं.

तो भित्रा आहे, वाईट नाही. त्याला फार बोलू नकोस. थोडं बोल.

ते जुनं पत्र या पाकिटात घातलं आहे. त्यात सगळं आहे, तू वाचशीलच, म्हणून पुन्हा लिहीत बसत नाही. थोडक्यात एवढंच की जयूचा रोग माझ्या माहेरचा आहे, माझ्या आणि सुकदेवच्या रक्तातला. माझा एक मुलगा त्यानेच गेला. मला ते माहीत होतं. माहीत असून मी अमळनेरला चारचौघींत तुझ्या माहेरावर ढकललं. आपल्यावर येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या दारात लोटलं, आणि दार निवडलं ते तुझं, कारण तू उलटून बोलणार नाहीस हे मला माहीत होतं.

इंदिरा आली तेव्हा मी ओट्यावर डाळ निवडत होते. तिने जयूला खाली ठेवलं, पत्र माझ्या सुपात टाकलं आणि विचारलं, "आत्या, हाई बठ्ठं तुम्हले माहीत व्हतं?" मी हो म्हणाले. ती आत गेली नाही. मग म्हणाली, "पोऱ्यासाठे मी कथाई बी सही करसू. पन मना मायले तुम्ही सांगतस नही तोपर्यंत तुम्हना घरनं पानी बी मी पेवाव नही."

आणि खरोखर पीत नाही. पाच दिवस झाले. शेजारी पाटीलबाई राहतात, त्यांच्याकडून कळशी आणते, त्यांच्याच चुलीवर आपली भाकरी टाकते. गिरधर पहिल्या दिवशी मधे उभा राहिला, दुसऱ्या दिवसापासून तोही तिथलंच पाणी प्यायला लागला. मुख्याध्यापिकाबाई आपल्याच घरात एकट्या माठापुढे बसतात. मला हे आवडलं, पुष्पा. पोरीत दम आहे. तो आमच्याकडचा नाही, तुझ्याकडचा आहे.

जयूचं रक्त बघितलं. नेहेते बाईंना वाटत होतं तेच आहे. कानातला पू आणि मांडीचं गळू औषधाने आटोक्यात आलंय, तूर्त ताप नाही. तो न उतरणारा ताप अजून आलेला नाही, हे बाईंनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. पोर हसतंय, हेमीच्या मागे मागे हिंडतंय. दोघांची रक्तं जुळतात का ते मुंबईला बघायचं आहे. बुधवारी इंदिरा, गिरधर आणि दोन्ही पोरं निघतील. हेमीला विचारलं, तुझ्या हाडातलं थोडं काढून भावाला द्यायचं, दुखेल, चालेल का? ती म्हणाली, किती थोडं? मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. ती म्हणाली, मग त्यांनाच विचारेन. मला या पोरीचं पुढे चांगलं होणार असं दिसतं आहे. जुळेलच असं कुणी म्हणत नाही. नाही जुळलं तर औषधांवर ढकलत राहायचं, दुसरं शोधायचं. मी एकदा हात बांधून बसले होते, या खेपेला बसणार नाही.

आता एक गोष्ट फक्त तुझ्याशी. हा रोग ओळखला गेला तो तुझ्यामुळे. इंदिरेने सांगितलं, पोरगं तुझ्या घरी आलं तेव्हा पंधरवडा उलटल्यावर न्हावी बोलवायचं निघालं, आणि तू म्हणालीस, देवाने दिले तसे केस राहू द्या, लेकराच्या डोक्यावर सारखं पातं कशाला. तू त्याला तेल लावलंस, भांग पाडलास, स्टुडिओत नेऊन फोटो काढलास. गावात सगळे कोड कोड म्हणत असताना तू त्याला बाजारात उघड्या डोक्याने कडेवर घेऊन हिंडलीस. जिच्यावर मी खोट लादली तिनेच त्या केसांची लाज धरली नाही. मी पंचवीस वर्षं बालबोध लिपी शिकवते आहे, आणि तुझ्यापुढे मला शिकायला बसावं लागेल.

मालतीसाठी सुकदेव जे ठिकाण बघतोय ते आमच्या आत्यांच्या नातवाचं आहे. बाहेरचे लोक माझ्या बोलण्याने बिचकले, म्हणून आता घरातलंच कुणीतरी तिला करून घेणार. बघ, माझं एक वाक्य कुठवर पोचलं. हे लग्न होऊ देऊ नकोस. मालतीत काही दोष नाही. असलाच तर अर्धा, आणि अर्ध्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण तिला आमच्या नात्यात देऊ नका. दूरच्या घरी द्या, तिची मुलं चांगली होतील. त्या बाहेरच्या लोकांना मी स्वतः भेटेन आणि काय खरं, काय खोटं ते सांगेन. अमळनेरच्या ज्या घरी सुपारी मोडली त्यांच्याकडे आधी जाईन. ते परत येवोत न येवोत, त्यांना खरं कळलं पाहिजे.

मी उद्या, रविवारी, सुरत पॅसेंजरने शिंदखेड्याला येते आहे. हे पत्र गिरधर आज दुपारच्या गाडीने घेऊन निघाला आहे, म्हणजे ते माझ्याआधी तुझ्या हातात पडेल. तोंडाने सांगायला आले तर मी मुख्याध्यापिकेसारखी बोलायला लागेन, समोरच्याला बाकावर उभं करेन, आणि माझी माफी कुठेतरी सांडून जाईल. म्हणून लिहून पाठवते. माफ कर, पुष्पा. हे दोन शब्द मी आजवर कुणाला म्हटलेले नाहीत, शाळेत फक्त मुलींकडून म्हणवून घेतले.

तू एक कर. हळदीला तुमच्या गल्लीतल्या ज्या बायका होत्या, त्या सगळ्यांना उद्या दुपारी ओट्यावर बोलाव. हे पत्र आणि आतलं पत्र, दोन्ही मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचेन. तू दार लावून घेतलंस तरी वाचेन, ओटा तर रस्त्यावर आहे. जे चारचौघींत बोलले ते चारचौघींतच परत घ्यावं लागतं, घरात पाय धरून फिटत नाही. मला ऐकू येईल असं कुणी हसलं तरी चालेल. मी थांबणार नाही.

त्यानंतर तुला मला हाकलायचं असेल तर हाकल. नातू मात्र आपला दोघींचा आहे, आणि मुंबईत त्याच्याजवळ पाळीपाळीने बसायला दोन आज्या लागतील. इंदिरा एकटी किती जागेल? तू आलीस तर मी तुझं ऐकेन. याची सवय नाही मला, पण ऐकेन.

खाली सही करते आहे ती आजवर कोणत्याही कागदावर केलेली नाही. उद्या ओट्यावर वाचताना शेवटी तीही वाचेन.

तुझी अपराधी,
प्रमिला
वनाची आई